‘चित्रकला, छायाचित्रण, चित्रपट’ : एका सचित्र ग्रंथाच्या दोन आवृत्त्या व त्याचें कर्तृत्व

इ. स. १९२५ व इ. स. १९२७ या दोन सालीं जर्मनींतील म्यूनिच येथील आल्बेर्ट लांगेन या प्रकाशनसंस्थेनें एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या काढिल्या. दोहोंवर कर्त्याचें नांव एकच, लास्लो मोहोली-नॉज; दोहोंचा विषय एकच; आणि शीर्षकहि, कानाला ऐकूं येतें तेथपर्यंत, एकच : ‘मालेराय, फोटोग्राफी, फिल्म’, म्हणजे चित्रकला, छायाचित्रण व चित्रपट. डोळ्यांनीं पाहूं गेल्यास मात्र दोन शीर्षकांत फरक आहे. पहिल्या आवृत्तींत मधला शब्द जुन्या ग्रीक वळणानें, फ या ध्वनीकरितां पी व एच हीं दोन अक्षरें योजून छापला आहे. दुसरींत त्या दोहोंच्या जागीं एफ हें एकच अक्षर आलें आहे. पोथ्यांच्या प्रती ताडून पाहण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस एवढ्या एका खुणेवरून पुढील काम सुचावें. जेथें शीर्षकाची शुद्धलेखनपद्धति बदलली तेथें आंतील मजकूरहि जसाच्या तसा राहिला असेल असें धरून चालतां येत नाहीं.

मराठ्यांचीं पत्रें व दफ्तरें सोडून हा विषय येथें कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. त्यास उत्तर इतकेंच कीं, छापील पुस्तक हेंहि एक साधनच आहे. प्रत कोणती, आवृत्ति कोणती, मजकूर केव्हां सिद्ध झाला व छापून केव्हां निघाला, विचार कोणाचा व हात कोणाचा, मूळ कागद कोणाच्या घरीं राहिले, हे जे प्रश्न आपण एखाद्या बखरीला विचारतों तेच येथेंहि विचारावे लागतात, आणि उत्तरें तितक्याच कष्टानें मिळतात. चित्रपट व नवी कला यांवरील सचित्र पुस्तक कसें रचावें याचा पाया ज्या थोड्या ग्रंथांनीं घातला त्यांत हा ग्रंथ अग्रभागीं आहे. म्हणून त्याची तपासणी वायां जाणार नाहीं असें वाटतें.

प्रथम ज्या शाळेंतून हें पुस्तक निघालें तिच्याविषयीं. वाल्टर ग्रोपिउस या स्थापत्यविशारदानें इ. स. १९१९ मध्यें वायमार येथें ‘बाउहाउस’ नांवाची कलाशाळा काढिली. हें नांव हिंदुस्थानास अगदींच अपरिचित नव्हतें. इ. स. १९२२ च्या डिसेंबरांत कलकत्ता येथें इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेच्या प्रदर्शनांत क्ले, कान्डिन्स्की, फायनिंगर, इटेन इत्यादि बाउहाउसच्या अध्यापकांचीं चित्रें मांडण्यांत आलीं होतीं. शांतिनिकेतनांत शिकविणाऱ्या स्टेला क्रामरिश यांनीं इटेन याच्याशीं पत्रव्यवहार करून तीं मागविलीं होतीं. मोहोली-नॉज याचें कांहींहि त्या प्रदर्शनांत नव्हतें, कारण तो त्या शाळेंत इ. स. १९२३ मध्यें, इटेन निघून गेल्यावर, आला. जन्मानें तो हंगेरियन (जन्म १८९५), इ. स. १९२० पासून बर्लिनमध्यें राहिलेला, व वयानें इतर बहुतेक अध्यापकांहून लहान. इ. स. १९२५ मध्यें शाळा वायमारहून उठून देसाउ येथें गेली आणि त्याच वर्षीं ग्रोपिउस व मोहोली-नॉज या दोघांच्या संपादकत्वाखालीं ‘बाउहाउस-ग्रंथ’ नांवाची माला सुरू झाली. १९२५ ते १९३० पर्यंत तिचे चवदा ग्रंथ निघाले. मालेच्या जाहिरातींत याहून पुष्कळ अधिक ग्रंथांचीं नांवें आढळतात. तीं पाहून अमुक ग्रंथ दुर्मिळ झाला असें समजणाऱ्या संग्राहकानें सावध असावें, कारण ते ग्रंथ दुर्मिळ नसून मुळीं निघालेच नाहींत. प्रस्तुत ग्रंथ मालेंतील आठवा होय.

आतां या पुस्तकाच्या रचनेंत नवें काय, हें समजण्यास छपाईच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागेल. आपल्याकडील शिळाछापाच्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, दगडावर छापतांना अक्षर व चित्र यांत कांहीं भेद उरत नाहीं. लेखकानें अक्षरें लिहिलीं, चिताऱ्यानें त्यांच्या शेजारीं गणपति काढिला, आणि दोन्हीं एकाच शाईनें एकाच दाबाखालीं कागदावर उतरलीं. खिळ्यांच्या छपाईनें हें ऐक्य मोडलें. अक्षर धातूच्या खिळ्याचें झालें. चित्र लांकडी ठशावर खोदावें, नाहींतर तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरून निराळें छापून पुस्तकांत मागाहून डकवावें, असा प्रकार सुरू झाला. छायाचित्रास तर खिळ्यांच्या फर्म्यांत जागाच नव्हती, कारण त्यांतील काळ्यापांढऱ्यामधील असंख्य छटा खिळ्याच्या यंत्रास छापतां येत नसत. इ. स. १८८२ मध्यें गेओर्ग मायसेनबाख यानें म्यूनिच येथें ज्या युक्तीचें पेटंट घेतलें तिनें ही अडचण दूर केली. बारीक रेघांच्या जाळीमधून छायाचित्र घेतलें म्हणजे त्याच्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फुटतात. त्या ठिपक्यांचा ठसा जस्तावर अगर तांब्यावर करून खिळ्यांच्या उंचीच्या लांकडावर बसविला कीं तो मजकुराबरोबर एकाच फर्म्यांत आवळतां येतो. यालाच आपल्या छापखान्यांत हाफटोन ब्लॉक म्हणूं लागले.

येथें महाराष्ट्राचा एक खरा संबंध आहे तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. धुंडिराज गोविंद फाळके यांचा मूळ धंदा ब्लॉक करण्याचा व छापण्याचा. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सच्या कामासाठीं ते इ. स. १९०९ मध्यें जर्मनीस गेले व तिरंगी छपाईची विद्या घेऊन आले. पुढें भागीदारी मोडली, आणि इ. स. १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. इ. स. १९१७-१८ मध्यें ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं आपल्या चित्रपटांची हकीकत स्वतः लिहिली. ठसा, छायाचित्र आणि चित्रपट हा क्रम मोहोली-नॉज याच्या पुस्तकाच्या शीर्षकांतील क्रमापेक्षां फारसा निराळा नाहीं. फाळक्यांनीं तो क्रम एका आयुष्यांत प्रत्यक्ष चालून दाखविला, त्याचें शास्त्र मांडण्याची त्यांस फुरसत नव्हती.

मोहोली-नॉज यानें शास्त्र मांडलें. हाफटोन ब्लॉक निघून तोंपर्यंत चाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं, परंतु पुस्तकें रचणारे लोक चित्र हें मजकुराचें भूषण अगर पुरावा एवढेंच मानीत आले होते. ब्लॉक खिळ्यांशेजारीं बसूं लागला तरी त्याला पाहुण्याप्रमाणें वागविलें जाई. ग्रंथांतील ‘टीपोफोटो’ नांवाच्या प्रकरणांत कर्त्याचें म्हणणें असें कीं, खिळ्यांनीं सांगावयाचें तें खिळ्यांनीं व छायाचित्रानें सांगावयाचें तें छायाचित्रानें सांगावें, एकाच वाक्यांतील दोन शब्दांप्रमाणें दोघांनीं मिळून अर्थ पुरा करावा, आणि पानाची रचना या संयुक्त अर्थाप्रमाणें ठरावी. पानाचा मध्य धरून दोन्हीं बाजू समतोल ठेवण्याची जुनी चाल त्यास मान्य नाहीं. जाड काळ्या रेघा, लहानमोठे खिळे, मुद्दाम मोकळी सोडलेली जागा, यांनीं वाचकाची दृष्टि जेथें न्यावयाची तेथें न्यावी असा त्याचा आग्रह आहे.

पुस्तकाची मांडणी याला अनुसरून आहे. आधीं मजकुराचीं प्रकरणें. नंतर चित्रांचा मोठा विभाग. शेवटीं एका चित्रपटाचा आराखडा. चित्रविभागांत कलावंतांचीं छायाचित्रें आहेत तशीं वृत्तपत्रांस चित्रें पुरविणाऱ्या संस्थांकडून आणलेलीं, वैद्यकांतील क्ष-किरणांचीं व खगोलशास्त्राचींहि आहेत. हान्ना ह्यख व पॉल सित्रोएन यांचीं चिकटचित्रें, मॅन रे याचीं व स्वतः कर्त्याचीं कॅमेऱ्याशिवाय काढिलेलीं छायाचित्रें, लोटे राइनिगर हिच्या छायाबाहुल्या, व्हीकिंग एगेलिंग याच्या अमूर्त चित्रपटाच्या पट्ट्या, हें सर्व एकाच पंक्तींत बसविलें आहे. चित्राखालील टीप बहुधा एकदोन ओळींची. परंतु ती नुसती नांवनिशी नसून चित्राकडे कसें पाहावें याचा हुकूम असते. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या मान्यवर अमेरिकन छायाचित्रकाराच्या एका चित्राखालीं तर, या मनुष्यानें कॅमेऱ्याचा स्वधर्म सोडून चित्रकाराचा परधर्म पत्करिला, अशा अर्थाची झोंबणारी टीप आहे. ती न्याय्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु चित्र व टीप एकमेकांस कशीं तोलून धरितात याचा तो उत्तम नमुना आहे.

शेवटचा आराखडा हा या ग्रंथाचा सर्वांत विलक्षण भाग होय. त्याचें नांव ‘महानगराची गति’. कर्त्यानें तो इ. स. १९२१-२२ मध्यें चित्रपट म्हणून कल्पिला, इ. स. १९२४ मध्यें ‘मा’ नांवाच्या हंगेरियन नियतकालिकांत तो मजकुररूपानें छापून आला. आणि १९२५ मध्यें या ग्रंथांत त्याचीं सुमारें चवदा पानें झालीं. चित्रपट मात्र कधींच निघाला नाहीं. पैसा मिळाला नाहीं. मग जें पडद्यावर दाखवावयाचें तें कर्त्यानें पानावर मांडलें. पान जाड काळ्या पट्ट्यांनीं लहानमोठ्या चौकटींत विभागलें आहे. एका चौकटींत पिंजऱ्यांत येरझारा घालणारा वाघ, दुसरींत आगगाडी, तिसरींत बांधकाम. मध्यें ‘टेंपो’ हा शब्द पुनः पुनः, दर वेळीं निराळ्या मापाच्या खिळ्यांत. कोठें बाण, कोठें नुसते आंकडे. वाचकाची नजर एका पट्टींतून दुसरींत धांवते आणि गति नांवाची जी वस्तु कागदावर नाहीं तिचा भास होतो. एखादी लढाई कधीं झालीच नसतां तिची तपशीलवार बखर उपलब्ध असावी, तसा हा प्रकार आहे. पुढें इ. स. १९२७ मध्यें वाल्टर रुटमान याचा बर्लिन शहरावरील चित्रपट निघाला तेव्हां महानगराचा दिवस पडद्यावर प्रत्यक्ष दिसला. परंतु पुस्तकरचनेच्या इतिहासांत न निघालेल्या चित्रपटाचीं तीं चवदा पानेंच अधिक महत्त्वाचीं ठरलीं.

त्याच सुमाराच्या दुसऱ्या दोन पुस्तकांचा येथें उल्लेख करणें अवश्य आहे, कारण त्यांच्यावांचून प्रस्तुत ग्रंथाचें स्थान नीट कळत नाहीं. इ. स. १९२५ मध्येंच झूरिचजवळील एर्लेनबाख येथून ओयगेन रेन्ट्श या प्रकाशकानें ‘डी कुन्स्टइस्मेन’, म्हणजे ‘कलेंतील पंथ’, हें पुस्तक काढिलें. त्याचे संपादक एल् लिसिट्स्की व हान्स आर्प. लिसिट्स्की त्या वेळीं क्षयानें आजारी असून स्वित्झर्लंडांत उपचार घेत होता. पुस्तकाची रचना त्याची आहे. यांत १९१४ ते १९२४ पर्यंतचे कलापंथ दिले आहेत, परंतु उलट्या क्रमानें : आरंभ १९२४ पासून, आणि अगदीं पहिला पंथ चित्रपट. मजकूर जर्मन, फ्रेंच व इंग्रजी या तीन भाषांत शेजारीं शेजारीं तीन रकान्यांत असून रकान्यांमध्यें जाड उभ्या रेघा आहेत. मध्यें मूळ व वर-खालीं टीका अशा त्रिपाठी पोथ्या ज्यांच्या नजरेखालून गेल्या आहेत त्यांस या पानाचा चमत्कार वाटणार नाहीं. युरोपांतील जाणत्यांस मात्र तो फार वाटला. त्रिपाठांत मूळ व टीका यांचा मान सारखा नसतो, येथें तिन्ही भाषांचा मान सारखा आहे, एवढा भेद ध्यानांत ठेवावा.

दुसरें पुस्तक चार वर्षांनंतरचें. इ. स. १९२९ च्या उन्हाळ्यांत स्टुटगार्ट येथें चित्रपट व छायाचित्रें यांचें मोठें प्रदर्शन भरलें, आणि त्याच्या निमित्तानें फ्रान्झ रो व यान चिखोल्ड यांनीं ‘फोटो-आउगे’ नांवाचा शहात्तर छायाचित्रांचा संग्रह काढिला. मुखपृष्ठावर लिसिट्स्कीचें स्वतःचें छायाचित्र आहे. याची बांधणी पाहण्यासारखी आहे : कागद एकाच बाजूस छापून दुमडला आहे व दुमडीची कड बाहेर ठेवून कोऱ्या बाजू आंत टाकल्या आहेत, ही चिनी पुस्तकांची रीत होय. पूर्वेकडील पोथीबांधणीकडे युरोपांतील अत्यंत नव्या मताच्या मंडळींनीं वळावें, हा योग मजेचा आहे. लिपीच्या बाबतींतहि असेंच. जर्मनींत त्या काळीं पुष्कळसा मजकूर जुन्या कोनाकोनाच्या ‘फ्राक्टूर’ वळणांत छापीत व रोमन वळण त्याच्या बरोबरीनें चाले. आपल्याकडील मोडी व बाळबोध यांची जोडी आठवावी. नव्या मंडळींनीं फ्राक्टूर टाकलेंच, पण बाउहाउसनें १९२५ मध्यें मोठीं अक्षरेंहि टाकलीं. प्रत्येक नामाचें पहिलें अक्षर मोठें छापण्याची जर्मन भाषेची रूढि असल्यामुळें या सुधारणेनें तेथें फार गहजब माजला. देवनागरींत अक्षर एकाच उंचीचें, त्यामुळें तो वाद आपणांस समजावून घ्यावा लागतो.

आतां दोन आवृत्त्यांकडे पुनः वळूं. ग्रंथाची मिति ठरवितांना पहिली गोष्ट ही कीं, पहिली आवृत्ति १९२५ सालची असली तरी ग्रंथाची जुळवाजुळव १९२४ च्या उन्हाळ्यांत झाली होती व छपाईच्या अडचणींमुळें ती वर्षभर रखडली. त्या एका वर्षांत या विषयावर इतकें लिहिलें व छापलें गेलें कीं, कोणी कोणापासून घेतलें या वादांत ग्रंथाची मिति १९२४ धरावी कीं १९२५, यावर निर्णय अवलंबून राहतो. दुसरी गोष्ट, १९२७ ची आवृत्ति ‘बदललेली’ म्हणूनच प्रसिद्ध झाली आहे. तींत मजकुरांत व चित्रांत कांहीं फेरफार आहेत. तिसरी गोष्ट संग्राहकांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची. इ. स. १९६७ मध्यें माइन्झ येथील फ्लोरियान कुप्फरबेर्ग या प्रकाशकानें ग्रंथाचें जसेंच्या तसें पुनर्मुद्रण केलें तें दुसऱ्या आवृत्तीचें, आणि इ. स. १९६९ मध्यें निघालेलें इंग्रजी भाषांतरहि तिलाच अनुसरतें. म्हणजे पुढील सर्व पिढ्यांनीं जो ग्रंथ वाचला तो बहुतांशीं १९२७ चा, आणि त्यावर तारीख मात्र सर्रास १९२५ ची लावली. एखाद्या बखरीची उत्तरकालीन वाढविलेली प्रत छापावी आणि तींतील वाक्यें मूळ लेखकाच्या हयातींतील म्हणून उद्धृत करावीं, ही चूक आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. इ. स. १९२९ मध्यें मॉस्को येथें निघालेल्या रशियन भाषांतराची कथा आणखी निराळी : त्याच्या शीर्षकांतून चित्रपट गळाला, आणि ‘चित्रकला किंवा छायाचित्रण’ एवढेंच उरलें. मूळ शीर्षकांत स्वल्पविरामांनीं तीन कला एका ओळींत बसविल्या होत्या. ‘किंवा’ हा एक शब्द येतांच त्यांत भांडण लागलें.

आवृत्तींचा प्रश्न प्रती समोर ठेवून सुटण्यासारखा आहे. कर्तृत्वाचा तसा नाहीं.

शीर्षकपत्रावर एकच नांव आहे हें वर सांगितलें. परंतु १९२० सालीं बर्लिनमध्यें आलेल्या मोहोली-नॉज यास जर्मन नीटसें लिहितां येत नव्हतें. इ. स. १९२१ च्या जानेवारींत त्यानें लूसिया शुल्झ या प्रागच्या बाईशीं विवाह केला. या बाईचा जन्म १८९४ चा, मातृभाषा जर्मन, आणि प्रकाशनसंस्थांत संपादनाचें काम केलेलें. छायाचित्रणाचें तंत्र ती रीतसर शिकली होती. नवऱ्यास तें शिक्षण नव्हतें. अंधाऱ्या खोलींतील प्रयोग दोघांचे मिळून होत, आणि बाउहाउस-ग्रंथांच्या मजकुरावर तिचा हात फिरत असे. देसाउ येथील नव्या इमारतीचीं जीं छायाचित्रें आज जगभर प्रसिद्ध आहेत तींहि बहुतेक तिनेंच घेतलेलीं. इ. स. १९२८ मध्यें दोघांनीं बाउहाउस सोडलें व पुढील वर्षीं तीं विभक्त झालीं.

मोहोली-नॉज इ. स. १९४६ मध्यें शिकागो येथें वारला. लूसिया मोहोली हिनें आपलें म्हणणें ग्रंथरूपानें मांडलें तें इ. स. १९७२ मध्यें, क्रेफेल्ड येथें छापलेल्या एका लहानशा जर्मन-इंग्रजी पुस्तकांत. त्याचें नांवच ‘समासांतील टीपा’ अशा अर्थाचें असून उपशीर्षकांत कागदपत्रांतील विसंगतींचा उल्लेख आहे. तींत ती नवऱ्यावर आरोप करीत नाहीं. इतरांनीं छापलेल्या चुकीच्या तारखा व गैरसमज ती एकेक घेऊन दुरुस्त करिते, आणि ओघांत सांगते कीं १९२२ च्या उन्हाळ्यांत ऱ्होन पर्वतांत हिंडतांना निर्मिति व पुनर्निर्मिति यांविषयीं जें बोलणें झालें त्यांतून पुढील विचार निघाले, आणि त्यांस शब्दरूप देण्याचें काम तिच्याकडे होतें. प्रस्तुत ग्रंथाचा सिद्धांत त्याच बोलण्यावर उभा आहे.

या साक्षीचें वजन किती धरावें? प्रतिकूल बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं ती पन्नास वर्षांनंतरची आहे, साक्षीदार हितसंबंधी आहे, आणि उलट बोलण्यास दुसरा पक्ष हयात नव्हता. अनुकूल बाजूनें : तिची भाषेची व संपादनाची पात्रता स्वतंत्रपणें सिद्ध आहे, नवऱ्याची भाषेची उणीवहि सिद्ध आहे, आणि ती मागते फार थोडें. कल्पना माझी असें ती म्हणत नाहीं. खोटा दावा करणारा मनुष्य सहसा इतक्यावर थांबत नाहीं. आपल्याकडे पत्रावर मोर्तब धन्याचें असतें, मजकूर चिटणीसाचा, अक्षर कारकुनाचें. आणि अक्षराच्या वळणावरून कारकून ओळखण्याची विद्या आपण कष्टानें मिळविली आहे. छापील पुस्तकांत ती विद्या चालत नाहीं, कारण जुळाऱ्याच्या खिळ्यांखालीं सर्वांचें अक्षर एक होतें. आमच्या मतें ग्रंथाचा विचार व पानांची रचना मोहोली-नॉज याची, आणि गद्य दोघांचें, असें तूर्त धरून चालावें. चित्रविभागाच्या निवडींत बाईचा वाटा किती होता हें ठरविण्यास मात्र पुरावा हवा.

आणि पुराव्याची वाट लागली ती अशी. इ. स. १९३३ च्या ऑगस्टांत बर्लिनमध्यें लूसिया मोहोलीच्या बिऱ्हाडीं तिचा साथी थिओडोर नॉयबाउअर, जो कम्युनिस्ट पक्षाचा लोकसभासद होता, पकडला गेला. तिला तांतडीनें देश सोडावा लागला. काचेवरील सुमारें ५६० निगेटिव्ह, म्हणजे बाउहाउसच्या काळांतील तिचें सारें दफ्तर, मागें राहिलें. काच जड, फुटणारी. पळतांना नेण्यासारखी नव्हे. त्या पेट्या मोहोली-नॉजकडे, त्यानें देश सोडतांना ग्रोपिउसकडे, व ग्रोपिउसच्या सामानाबरोबर अमेरिकेंत गेल्या. प्राग, व्हिएन्ना, पॅरिस करीत ती १९३४ मध्यें लंडनला पोंचली. युद्धांत बर्लिनवर बाँब पडले तेव्हां काचा नष्ट झाल्या असें तिनें धरिलें. इकडे इ. स. १९३८ मध्यें न्यूयॉर्कच्या म्यूझिअम ऑफ मॉडर्न आर्टनें बाउहाउसचें प्रदर्शन भरवून जो मोठा सचित्र ग्रंथ काढिला त्यांत तिचीं छायाचित्रें तिच्या नांवावांचून छापिलीं गेलीं. पुढेंहि बाउहाउसवरील पुस्तकांत तीच चित्रें तशींच येत राहिलीं.

तिचा लंडनमधील काळ आपल्या वाचकांस जवळचा वाटेल. इ. स. १९३९ मध्यें तिनें छायाचित्रणाच्या शंभर वर्षांचा इतिहास पेंग्विनच्या पेलिकन मालेंत लिहिला. युद्धांत ती कागदपत्रांचे मायक्रोफिल्म घेण्याच्या खात्याची प्रमुख होती, आणि युद्धानंतर युनेस्कोच्या कामानिमित्त पश्चिम आशियांत जाऊन तेथील संग्रहांचे मायक्रोफिल्म करविण्याचें काम तिनें केलें. परक्यांचीं हस्तलिखितें जतन करण्यांत जिचा हात होता, तिचीं स्वतःचीं मूळें परक्या देशांत दुसऱ्याच्या घरीं पडून होतीं.

ग्रोपिउसकडे काचा आहेत हें कळल्यावर तिनें १९५४ च्या सुमारास त्या परत मागितल्या. या काचा बर्लिनमध्यें तूंच मला दिल्या होत्या, अशा आशयाचें ग्रोपिउसचें उत्तर होतें. हें उत्तर लबाडीचें होतें असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. वीस वर्षें एखादें दफ्तर घरांत राहिलें म्हणजे तें आपलेंच वाटूं लागतें, हा अनुभव संशोधकांनीं अनेक वाड्यांत घेतला आहे. पण त्या काचांवरून निघालेल्या चित्रांनीं ग्रोपिउसच्या शाळेची कीर्ति जगांत उभी केली, आणि ज्या बाईनें तीं घेतलीं तिला त्यांच्या अभावीं आपली योग्यता सिद्ध करून दाखवितां येत नव्हती, हेंहि तितकेंच खरें. वकिलामार्फत पत्रव्यवहार होऊन इ. स. १९५७ मध्यें तिला २३० काचा परत मिळाल्या. तिनें आपल्या निगेटिव्हांची पत्त्यांवर सूची ठेविली होती. मिळालेल्या व न मिळालेल्या काचांच्या खुणा तीवर केलेल्या आहेत. १९५९ मध्यें ती स्वित्झर्लंडांत झोलिकोन येथें राहावयास गेली व १९८९ मध्यें वारली. सूचीप्रमाणें ३३० काचा उरतात.  त्या सर्व कोठें आहेत याचा निर्णय झालेला नाहीं, आणि १९२३ ते १९२५ या ज्या वर्षांत प्रस्तुत ग्रंथाचीं चित्रें निवडलीं गेलीं त्या वर्षांतील कांहीं काचा त्यांतच असण्याचा संभव आहे.